पॅसिफिक तीरावरची विद्यापीठे अटलांटिक मंडळात

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या समोर, उपसागराच्या पूर्व काठाला बर्कली नावाचे गाव आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या विद्यापीठाचे हे मूळ पीठ. तेथल्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे समोर गोल्डन गेटचा पूल दिसतो आणि त्याच्यापलीकडे पॅसिफिक महासागर पसरलेला असतो. या विद्यापीठाला १ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या क्रीडामंडळात प्रवेश मिळाला, त्याचे नाव ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याचे मंडळ. उपसागराच्या दक्षिणेस असलेले स्टॅनफर्ड विद्यापीठही त्याच दिवशी त्याच मंडळात दाखल झाले. बर्कलीपासून या मंडळातल्या बॉस्टन शहराचे हवाई अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर आहे. आपल्याकडे श्रीनगरहून निघून सरळ कन्याकुमारी गाठली तरी तीन हजार किलोमीटर पुरे होत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या शेजाराची कल्पना येईल.

ही बातमी प्रथम वाचली तेव्हा मला तो विनोदच वाटला. अमेरिकेतही पुष्कळांना तसेच वाटले. परंतु ज्यांनी हा निर्णय घेतला ती माणसे विनोद करण्याच्या मनःस्थितीत खासच नव्हती. त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते आणि त्यांतून हाच त्यांनी का पत्करला, हे पाहू लागले म्हणजे हसू ओसरते.

प्रथम हे मंडळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे आंतरविद्यापीठीय सामने होतात. रोहिंटन बारिया करंडकाचे नाव क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहेच. अशा सामन्यांसाठी विद्यापीठांचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग पाडलेले असतात, आणि मुंबई किंवा पुणे विद्यापीठाने पश्चिम विभागात खेळावे की पूर्व विभागात, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. नकाशानेच तो सोडवलेला असतो. अमेरिकेत असे नेमून दिलेले विभाग नाहीत. तेथे विद्यापीठे आपापसांत करार करून मंडळे स्थापन करतात. मंडळातील सभासद दरवर्षी एकमेकांशी सामने खेळतात, नियम ठरवतात आणि जे उत्पन्न होईल ते वाटून घेतात. कोणत्या मंडळात जावे हे विद्यापीठाने ठरवावयाचे. आणि त्याला घ्यावे की नाही, हे मंडळाने. सोयरीक जमवावी तसाच हा दुतर्फा मामला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, या सगळ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी एकच खेळ आहे, आणि तो म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी त्याचा संबंध नावापुरताच. त्यात चेंडू पायाने क्वचितच उडवला जातो, बहुधा तो हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. शनिवारी दुपारी विद्यापीठाच्या मैदानावर हा सामना पाहावयास पन्नास हजारांपासून लाखापर्यंत माणसे जमतात. पोहणे, धावणे, नौकानयन, कुस्ती, व्हॉलीबॉल असे इतर खेळ जवळजवळ सगळे तोट्यात चालतात, आणि तो तोटा फुटबॉलच्या उत्पन्नातून भरून निघतो. स्टॅनफर्डमध्ये असे छत्तीस खेळ चालतात, बर्कलीत तीस. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डशी नाते असलेल्या खेळाडूंनी ३९ पदके मिळवली. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाला मिळालेली पदके सहा होती. त्या पदकांमागच्या तलावांचा, प्रशिक्षकांचा आणि प्रवासाचा खर्च मोठ्या अंशी शनिवारच्या फुटबॉलवर अवलंबून असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजावयास सोपी जाईल.

मंडळांची कल्पना शिकागोत जन्मली. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी आसपासच्या विद्यापीठांच्या प्रमुखांना तेथल्या एका हॉटेलात बोलावले. त्या काळी फुटबॉलच्या संघांत विद्यार्थी नसलेले, पैसे घेऊन खेळणारे गडी सर्रास घुसडले जात. त्याला आळा घालावा, खेळणारा हा खरोखरीचा विद्यार्थी असावा, एवढाच त्या बैठकीचा हेतू होता. पुढल्या वर्षी त्यातून जे मंडळ निघाले त्याला आज ‘बिग टेन’ म्हणतात. पॅसिफिक किनाऱ्यावर असेच एक मंडळ १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंड येथे स्थापन झाले. त्याचे मूळ सभासद चारच होते : बर्कली, वॉशिंग्टन विद्यापीठ, ओरेगन विद्यापीठ आणि कॉर्व्हालिस गावचे ओरेगन शेतकी महाविद्यालय, म्हणजेच आजचे ओरेगन स्टेट. १९१७ मध्ये पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट आणि १९१८ मध्ये स्टॅनफर्ड त्यात आले. आगगाडीने जाऊन खेळावे आणि परत येऊन वर्गात बसावे, असा तो शेजार होता. मध्ये एकदा खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या भानगडीवरून १९५९ मध्ये ते मंडळ मोडलेदेखील. पण तीच विद्यापीठे हळूहळू नव्या नावाखाली पुन्हा एकत्र आली आणि २०११ मध्ये सभासद बारा झाल्यावर त्याला ‘पॅक-ट्वेल्व्ह’ हे नाव पडले.

आता या शेजाराला घरघर लागली ती कशामुळे? याचे उत्तर नभोवाणीच्या व्यासपीठावरून देताना थोडा संकोच वाटतो, कारण ते उत्तर प्रक्षेपण हेच आहे. दूरचित्रवाणी नवी असताना विद्यापीठांना तिची धास्ती वाटत होती. घरबसल्या सामना दिसू लागला तर मैदानावर तिकीट काढून येणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून १९५० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतच विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने नियम केला की, किती सामने दाखवावयाचे आणि एका संघाने किती वेळा पडद्यावर यावयाचे, हे संघटनाच ठरवील. ही व्यवस्था तीस वर्षे चालली. मोठ्या संघांना ती जाचक होऊ लागली. अखेर ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, अशा रीतीने पुरवठा आखडून धरणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. खेळाच्या शैक्षणिक बाजूचा बळी देऊन हा व्यापार मोकळा होत आहे, असा त्यांच्या भिन्नमतपत्राचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेल. मी कायदेपंडित नाही. पण पुढे काय होणार हे मैदानात खेळलेल्या त्या एका माणसाला अधिक स्पष्ट दिसले होते, असे आज म्हणावे लागते.

निकालानंतर सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आला, आणि एकेकट्याने विकण्यापेक्षा मंडळाने मिळून विकण्यात किंमत जास्त येते, हे लवकरच ध्यानी आले. येथून मंडळाचा अर्थ बदलला. पूर्वी त्याच्याकडे शेजाऱ्यांचा समूह म्हणून पाहत. आता ते विकावयाच्या मालाची गठडी झाले. गठडीत भारी माल असला की भाव चढतो, म्हणून मंडळे एकमेकांचे सभासद फोडू लागली. ‘बिग टेन’ या नावाच्या मंडळात आज अठरा सभासद आहेत आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ मध्ये सोळा. नाव बदलावे असे कोणाला वाटत नाही, कारण नावालाही बाजारात किंमत असते.

पॅक-ट्वेल्व्हच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तान्त तपशिलाने सांगण्यासारखा आहे. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजल्स शहरातली दोन्ही मोठी विद्यापीठे, खाजगी सदर्न कॅलिफोर्निया आणि सरकारी यूसीएलए, यांनी जाहीर केले की, २०२४ पासून आपण बिग टेनमध्ये जाणार. लॉस एंजल्स ही अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची दूरचित्रवाणी-बाजारपेठ. ती हातची गेल्यावर उरलेल्या दहांच्या गठडीचा भाव कोसळला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. ऑक्टोबरमध्ये बिग ट्वेल्व्हनेही आपला करार वाढवून घेतला; त्यात प्रत्येक सभासदाच्या वाट्याला वर्षाला सरासरी सुमारे ३ कोटी १७ लाख डॉलर येत होते. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीप्रमाणे पॅक-ट्वेल्व्हलाही त्या सुमारास प्रत्येकी तीन कोटी देऊ करण्यात आले होते, पण विद्यापीठांच्या प्रमुखांनी पाच कोटी मागितले आणि बोलणे फिसकटले. ज्ञानाच्या क्षेत्रात मोठी असलेली माणसे बाजारात भाव करताना चुकतात, याचे मला फारसे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की, त्यानंतर आठनऊ महिने ती दुसरे गिऱ्हाईक आपण होऊन येईल म्हणून स्वस्थ वाट पाहत राहिली.

शेवटी हाती आला तो ॲपल कंपनीचा एक देकार. त्यात हमीची रक्कम बेताची होती आणि जास्तीची मिळकत किती वर्गणीदार जमतील यावर अवलंबून होती. तोवर, जुलैच्या अखेरीस, कोलोरॅडोने मंडळ सोडले होते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी उरलेल्या नऊ विद्यापीठांचे प्रमुख करारावर सह्या करण्यासाठी एकत्र आले आणि त्याच सकाळी सगळे विस्कटले. दिवस मावळण्यापूर्वी वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा ही तीन बिग ट्वेल्व्हमध्ये गेली होती. एकशे आठ वर्षांच्या मंडळात संध्याकाळी चार सभासद राहिले : बर्कली, स्टॅनफर्ड, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

बर्कलीपुढे आता तीन वाटा होत्या. उरलेल्या चौघांनी आसपासची लहान विद्यापीठे घेऊन मंडळ पुन्हा बांधावे, ही एक. मोठ्या फुटबॉलचा नादच सोडून द्यावा, ही दुसरी. आणि जो कोणी दार उघडील त्याच्याकडे, मग तो कितीही दूर असो, पडेल त्या अटीवर जावे, ही तिसरी.

दुसऱ्या वाटेबद्दल थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण ती कोणी चोखाळलीच नाही असे नाही. शिकागो विद्यापीठ हे बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक होते. अमेरिकेत उत्कृष्ट विद्यार्थी-फुटबॉलपटूला जे हाइजमन पारितोषिक देतात, ते १९३५ मध्ये पहिल्या प्रथम शिकागोच्याच जे बर्वँगर या खेळाडूला मिळाले. असे असूनही १९३९ च्या डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी विद्यापीठाचा फुटबॉल संघ मोडून टाकला. विद्यापीठ हे विद्येसाठी आहे, ही त्यांची भूमिका होती. १९४६ मध्ये शिकागो बिग टेनमधूनही बाहेर पडले. मधल्या काळात त्या ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेटने खेळावयाच्या एका बंदिस्त दालनात, २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फेर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हातून घडलेली पहिली नियंत्रित अणुसाखळीक्रिया सिद्ध केली. हचिन्स यांच्या निर्णयाला याहून विलक्षण पुरवणी कोणा कादंबरीकारालाही सुचली नसती.

मग बर्कलीने, जेथे अणुविज्ञानाची परंपरा शिकागोइतकीच थोर आहे, तोच मार्ग का धरला नाही? असा प्रश्न तेथल्या काही प्राध्यापकांनीही वेळोवेळी विचारलेला आहे. उत्तर मैदानातच आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांचे स्मारक म्हणून १९२३ मध्ये बर्कलीत बांधलेले प्रेक्षागार नेमके हेवर्ड नावाच्या भूकंपप्रवण भेगेवर उभे आहे. ती भेग मैदानाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. भूकंपात ते टिकावे म्हणून त्याची पुनर्बांधणी करण्यात आली आणि २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्यासाठी आणि लगतच्या क्रीडागृहासाठी चाळीस कोटी डॉलरहून अधिक कर्ज काढावे लागले. त्याचे अखेरचे हप्ते बाविसाव्या शतकात फिटावयाचे आहेत. २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यातला निम्म्याहून अधिक भार क्रीडाविभागाच्या डोक्यावरून काढून स्वतःकडे घेतला, तरी कर्ज ते कर्जच. फुटबॉल बंद केला तर हे हप्ते कोठून भरावयाचे आणि उरलेले एकोणतीस खेळ कशावर चालवावयाचे? हचिन्स यांच्यापुढे असा हिशेब नव्हता. स्टॅनफर्डपाशी पैशाला तोटा नाही, असे म्हणतात आणि ते खरेही आहे; पण त्या विद्यापीठानेसुद्धा २०२० च्या जुलैत खर्चाचे कारण सांगून अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते. माजी विद्यार्थ्यांनी एवढे रान उठवले की, पुढल्या मे महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या संस्थेने नुकतेच हे चटके सोसले, ती फुटबॉलवर पाणी सोडील हे संभवत नव्हते.

म्हणून तिसरी वाट. अटलांटिक मंडळात तेव्हा मताधिकार असलेली पंधरा विद्यापीठे होती आणि नवा सभासद घेण्यास बारा मते लागत. ऑगस्टमध्ये चाचपणी झाली तेव्हा एक मत कमी पडले. फ्लॉरिडा स्टेट, क्लेम्सन आणि नॉर्थ कॅरोलायना यांचा विरोध अखेरपर्यंत राहिला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठाने आपले मत फिरवले आणि बारा मते भरली. तो १ सप्टेंबरचा दिवस होता. स्टॅनफर्डचे हंगामी अध्यक्ष रिचर्ड सॅलर यांचा त्या पदावरचा तो पहिलाच दिवस. सॅलर हे प्राचीन रोमच्या इतिहासाचे अभ्यासक. दूरदूरचे प्रांत जोडून साम्राज्य कसे वाढते आणि पुढे त्याचे काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार!

मते फिरली ती अटींमुळे. मंडळाचा प्रक्षेपणाचा करार असा होता की, नवा सभासद आला म्हणजे प्रक्षेपण कंपनीने त्याच्यासाठी पुरा वाटा मंडळाला द्यावयाचा. बर्कली आणि स्टॅनफर्ड यांनी मान्य केले की, पहिली सात वर्षे त्या वाट्यातले शेकडा तीसच आम्ही घेऊ. आठव्या वर्षी सत्तर, नवव्या वर्षी पंचाहत्तर, आणि पुरा वाटा दहाव्या वर्षी. त्यांच्याबरोबर डॅलस शहरातले सदर्न मेथडिस्ट विद्यापीठही आले. त्याने तर नऊ वर्षे या पैशातली दमडीही नको म्हणून सांगितले, कारण त्याच्या धनवान माजी विद्यार्थ्यांनी काही दिवसांतच दहा कोटी डॉलर जमवून दिले. अशा रीतीने जो पैसा सुटला तो जुन्या सभासदांत वाटावयाचा होता. थोडक्यात, घराच्या माडीवर राहावयास जागा मिळावी म्हणून नव्या भाडेकरूंनी मालकाच्या भावंडांचे घरखर्च उचलले.

हा सौदा शहाणपणाचा होता काय? माझ्या मते, ४ ऑगस्टच्या संध्याकाळी जी परिस्थिती होती तीत होता. शेकडा तीस वाटा हा थोडा खराच, पण त्याने मोठ्या मंडळात पाय ठेवावयास जागा मिळाली, आणि खेळातही एकदा पायरी उतरली की पुन्हा चढणे किती कठीण असते हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र या सौद्याला ‘निवड’ म्हणावे की नाही याबद्दल मी साशंक आहे. खरी निवड चौदा महिन्यांपूर्वी लॉस एंजल्समध्ये झाली होती, आणि तीत बर्कलीला कोणी विचारलेही नव्हते.

आणि येथे या प्रकरणातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो. बर्कली आणि यूसीएलए ही दोन परकी विद्यापीठे नव्हेत. ती एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची दोन पीठे आहेत आणि दोहोंवर एकच नियामक मंडळ आहे. एका भावाने घर सोडावे आणि दुसऱ्याचे छप्पर उडावे, तसे हे झाले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम हे पदसिद्ध नियामक. त्यांनी २०२२ च्या जुलैत या निर्णयाचा जाहीर जाब मागितला. यूसीएलएचे म्हणणे असे की, आमचा क्रीडाविभाग तीन वर्षांत दहा कोटी डॉलरहून अधिक तुटीत गेला आहे. गेलो नाही तर खेळ बंद करावे लागतील. दोघांचेही खरे होते. १४ डिसेंबर २०२२ रोजी नियामकांनी अकरा विरुद्ध पाच मतांनी यूसीएलएला जाण्याची मुभा दिली, पण अट घातली की, नव्या मिळकतीतून त्याने बर्कलीला वर्षाला वीस लाखांपासून एक कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यावी. नक्की आकडा पुढे ठरावयाचा होता. बर्कली अटलांटिक मंडळात तीस टक्क्यांवर गेल्यावर, २०२४ च्या मे महिन्यात, तो ठरला : वर्षाला पुरते एक कोटी, आरंभी तीन वर्षे. वृत्तपत्रांनी याची ‘पोटगी’ म्हणून थट्टा केली. मला ती थट्टा गैरलागू वाटते. सबंध प्रकरणात, एकाच्या लाभाने दुसऱ्याचे नुकसान होते आणि ते भरून देणे हे सार्वजनिक संस्थेचे काम आहे, एवढे कबूल करणारा हा एकच ठराव मला आढळला.

प्रवासाची गोष्ट आता सांगतो. फुटबॉल संघाची दैना लोक समजतात तेवढी होत नाही. २०२४ च्या हंगामात बर्कलीचा संघ मंडळाच्या सामन्यांसाठी टॅलाहासी, पिट्सबर्ग, विन्स्टन-सेलम आणि डॅलस अशा चार ठिकाणी गेला. तोही बहुधा शनिवार गाठून, खास विमानाने. खरी ओढाताण इतर खेळांची. व्हॉलीबॉल किंवा सॉकर खेळणाऱ्या मुलींना आठवड्याच्या मधल्या दिवशीही सामने असतात, घड्याळाचे काटे तीन तासांनी पुढे सरकतात आणि परत आल्यावर सकाळी प्रयोगशाळा असतेच. ज्यांच्या खेळाचा तोटा भरून निघावा म्हणून ही दूरची सोयरीक केली, त्यांनाच तिची दगदग अधिक सोसावी लागते, हे या योजनेतले व्यंग आहे. घड्याळाचा फटका उलट दिशेनेही बसतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी मायामीचा संघ बर्कलीत खेळला. सामना सुरू झाला तेव्हा मायामीत रात्रीचे साडेदहा वाजले होते. बर्कली एका वेळी ३५–१० असे पुढे होते आणि ३९–३८ असे हरले. मायामीच्या ज्या रसिकाने हा विजय पाहिला, त्याने तो उत्तररात्री पाहिला.

खर्च तर वाढतच आहे. २०२५ च्या जूनमध्ये एका मोठ्या दाव्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. तेव्हापासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. १८९५ साली पैसे घेणाऱ्या गड्यांना बाहेर काढण्यासाठी जी मंडळे जन्मली, तीच आता या रकमेची जुळवाजुळव करण्यासाठी झटत आहेत. तीस टक्के वाटा घेणाऱ्याला ही जुळवाजुळव किती जड जात असेल, हे सांगावयास नको.

राहिली ती दोन विद्यापीठे, ज्यांना कोणीच बोलावले नाही. कॉर्व्हालिस आणि पुलमन ही दोन्ही लहान गावे. १८६२ च्या कायद्यान्वये सरकारने जमिनी देऊन शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी ज्या संस्था उभारावयास मदत केली, त्यांपैकी या दोन. बर्कलीही त्याच कायद्याचे अपत्य. पुलमनभोवती मैलोगणती गव्हाचे उंचसखल रान पसरले आहे. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे, जे पुढे मेक्सिकोत मोठे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले, ते पहिल्या महायुद्धापूर्वी याच पुलमनमध्ये शेतकीशास्त्र शिकले होते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली ही विद्यापीठे खेळात किंवा विद्येत कमी पडली म्हणून वगळली गेली असे नाही. त्यांच्या आसपास दूरचित्रवाणीचे संच पुरेसे नव्हते, एवढाच त्यांचा दोष. दोघांनी मिळून न्यायालयात धाव घेतली. मंडळ सोडून जाणाऱ्या दहांनी मंडळाचा कारभार आणि मालमत्ता यांवर हक्क सांगू नये, हे त्यांचे म्हणणे वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने उचलून धरले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. त्यामुळे दोन वर्षे ‘पॅक-ट्वेल्व्ह’ मध्ये फुटबॉलचे सभासद दोनच होते. मंडळात किमान आठ सभासद असावेत असा नियम आहे, पण त्याला दोन वर्षांची सवलत मिळते. तेवढ्या मुदतीत त्यांनी बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना जमवून आठांचा भरणा केला, आणि १ जुलै २०२६ पासून नवा संसार मांडावयाचे ठरवले. बर्कलीने जी पहिली वाट सोडली होती, तीच या दोघांनी चालून दाखवली. टेक्सस काही पॅसिफिकच्या काठी नाही, हेही खरेच.

२३ नोव्हेंबर २०२४ या एकाच दिवशी दोन जुने सामने झाले. बर्कलीत स्टॅनफर्डचा संघ उपसागराला वळसा घालून, तासादीड तासाचा प्रवास करून आला; १८९२ पासून चालत आलेला हा सामना बर्कलीने २४–२१ असा जिंकला, आणि त्याची नोंद अटलांटिक मंडळाच्या तक्त्यात झाली. उत्तरेस कॉर्व्हालिस येथे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एकमेकांशी खेळले. यजमानांनी ४१–३८ असा विजय मिळवला. पॅसिफिक मंडळाच्या दोन सभासदांमध्ये त्या वर्षी झालेला तो एकच सामना.